कुणी न प्यायलेले पाणी

मित्रांनो, मी एक जुनी कूपनलिका आहे आणि माझे पाणी आजवर कुणीही प्यायलेले नाही. वाईट वाटून घेऊ नका, मला त्याचाच अभिमान आहे.

तुमच्या ओळखीच्या कूपनलिका तहान भागवतात. मला मात्र चहाडी करण्यासाठी जन्माला घातले. इथे पूर्वी तेलाचे आगार होते. टाक्या गळत राहिल्या, तेल मातीत मुरत राहिले आणि एके दिवशी आगाराला टाळे लागले. सरकारी खात्याने हुकूम काढला : तेलकट माती उपसा आणि जमिनीखालचे पाणी ओळीने चार वेळा स्वच्छ निघेपर्यंत या जागेची फाईल बंद करू नका. त्या पाण्यावर नजर ठेवण्यासाठी आम्हा नऊ बहिणींना जमिनीत उतरवले. मनगटाएवढी जाडी, तळाशी बारीक खाचा, डोक्यावर कुलपाचे झाकण. मी सातवी, कुंपणाला अगदी खेटून.

कुंपणापलीकडे आगाराच्या जुन्या रखवालदाराचे घर आहे. त्यांच्या अंगणातल्या विहिरीवर लोखंडी जाळी आणि खात्याचे सील होते. बारा वर्षांहून अधिक काळ ते घर टँकरच्या पाण्यावर जगले. रखवालदारांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, पिंपे भरताना माझ्याकडे रागाने बघत. "ही सवत सुटेल तेव्हा माझी विहीर सुटेल," म्हणत. मी गप्प ऐकून घ्यायची.

दर तीन महिन्यांनी खात्याच्या नमुनेवाल्या बाई येत. बाई शिस्तीच्या. नळीतले साचलेले पाणी आधी तीनदा उपसून टाकत आणि मगच बाटली भरत. साचलेले पाणी गोड गोड बोलते, खरे बोलते ते मातीतून मागाहून येणारे.

तीन वेळा माझे पाणी स्वच्छ निघाले. चौथ्या खेपेला काकूंनी विहिरीसाठी नवा दोर आणून ठेवला होता. बाईंनी पाणी उपसले, बाटली नाकाशी नेली आणि त्या थबकल्या.

"काका, या पाण्याला टँकरच्या पाण्यात टाकतात त्या औषधाचा वास कसा येतोय?"

रखवालदारांची छाती फुगली. माझी किल्ली त्यांच्याच कमरेला असे. "येणारच! तुम्ही यायच्या आदल्या दिवशी चार पिंपं ओतून मी नळी धुऊन काढतो. चार वेळा धुतली. साहेब तपासणीला यायचे तेव्हा आम्ही टाक्यासुद्धा अशाच लख्ख करायचो. तुम्हाला काय घाण दाखवायची?"

बाईंनी कपाळावर हात मारला. माझ्या भोवतालच्या मातीत रखवालदारांनी टँकरचेच पाणी भरून ठेवले होते, तीनदा उपसले तरी तेच वर येई. म्हणजे आधीचे तिन्ही नमुने फुकट गेले आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

"माझ्या टँकरचं पाणी या मेलीच्या घशात ओतत होतात?" काकू कडाडल्या. मग बाईंकडे वळून हळूच म्हणाल्या, "पण बाई, हे आपल्या तिघांशिवाय कुणाला कळणार आहे? लावा ना बाटलीला बूच. अकरा वर्षं झाली हो."

"लावते," बाई म्हणाल्या. "पण विहिरीचा पहिला पेला तुमच्या नातीला तुम्ही स्वतः द्याल?"

काकूंनी नव्या दोराकडे पाहिले. डोळे भरून आले होते. मग त्यांनी नवऱ्याच्या कमरेची किल्ली ओढून काढली आणि बाईंच्या हातात ठेवली. "न्या ही. आणि यांना पुन्हा नळीजवळ फिरकू देऊ नका."

पुढच्या खेपेला मला कुणी धुतले नाही. मी पोटातले सगळे सांगून टाकले. बाटलीत तेलाचा तवंग चमकला. माझ्याजवळ खोदल्यावर कुंपणाच्या पायाखाली, सगळ्यांच्या विस्मरणात गेलेली एक गळकी तेलवाहिनी सापडली. तिच्याभोवतीची काळी माती उपसायला तीन दिवस लागले. माझ्या आठ बहिणींपैकी कुणालाही तिचा पत्ता नव्हता, हे मी ताठ मानेने सांगते.

त्यानंतर ओळीने चार वेळा पाणी स्वच्छ निघाले, एकही पिंप न ओतता. काल खात्याचे पत्र आले आणि विहिरीचे सील तुटले. काकूंनी पहिला पेला भरला, आधी स्वतः प्यायल्या, मग नातीला दिला. नंतर कुंपणाशी येऊन माझ्या झाकणावर हात ठेवून म्हणाल्या, "सवत म्हणत होते गं तुला. तू तर माहेरचं माणूस निघालीस."

मित्रांनो, पाहुणे येणार म्हणून घर जरूर झाडा. पण तपासायला आलेल्यापासून घाण लपवू नका, आणि मातीत काही ओतण्याआधी दहादा विचार करा. माती सगळे पोटात घेते, पण विसरत नाही.

काम संपले की आम्हाला सिमेंटने बुजवतात, असा नियम आहे. गवंडी घमेले घेऊन आला आहे. झाकण उघडले आहे. मी अगदी मजेत आहे, कारण सांगण्यासारखी एकही चहाडी माझ्याजवळ उरलेली नाही. पलीकडे काकूंची बादली विहिरीत पडल्याचा आवाज आला. जाता जाता तेवढा ऐकायचा होता.