चालू ठेवलेली गाडी

गौरामावशींच्या रक्ताची नळी मी स्टीलच्या डब्यात उभी बसवली आणि अंगणात आले. गाडीचा आवाज येत नव्हता.

"काका, गाडी?"

"बंद केली की," हिंमतकाका म्हणाले. किल्ली त्यांच्या हातात होती. "रिकामीच धडधडत हुती. पेट्रोल जळतंय फुकट."

काका म्हणजे मावशींचे यजमान. उभा जन्म त्यांनी विहिरीवरचं डिझेल इंजिन सांभाळलं. काम नसताना इंजिन चालू दिसलं की त्यांचा हात आपोआप जातो.

मी धावत जाऊन किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्.

माझी गाडी थंड असली की एका झटक्यात सुरू होते. तापल्यावर बंद केली, तर इंजिन गार होईपर्यंत हलत नाही. धाराशिवमधल्या तीन मेकॅनिकांनी तीन कारणं सांगितली, तीन पार्ट बदलले. शेवटी मीच नियम बसवला: फेरीवर असताना गाडी बंद करायचीच नाही. करावी लागली, तर उतारावर. हे अंगण सपाट होतं आणि काकांना मी काहीच सांगितलं नव्हतं.

"आता?" काका.

"गार व्हायला तासभर तरी."

"मग बसा की. च्या टाकतो."

मला बसवेना. मी धाराशिवच्या एका लॅबसाठी गावोगाव रक्त गोळा करते. बाकीच्या तपासण्यांचं एवढं नसतं, पण मावशींचं पोटॅशियम बघायचं होतं. रक्त नळीत फार वेळ राहिलं की पेशींतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि आकडा उगाच वाढतो. बर्फात ठेवलं तर आणखीच. मागच्या महिन्यात गाडी येडशीजवळ अडली, नळी उशिरा पोचली, आकडा भयंकर आला. पोटॅशियम वाढवू शकते म्हणून डॉक्टरांनी मावशींची रक्तदाबाची गोळी थांबवून त्यांना तातडीनं सोलापूरला धाडलं. तिथं तपासलं तर सगळं ठीक. दोन दिवस त्या छातीला तारा लावून पडून होत्या. ती गोळी परत द्यायची का, हे डॉक्टर आज संध्याकाळी ठरवणार होते.

"पाणी मारू का इंजिनावर?" काका बादली घेऊन आले.

"नको, नको! तडकेल."

आम्ही दोघांनी ढकलून पाहिलं. मऊ मातीत चाकं वीतभर फिरली आणि रुतली. आजूबाजूची माणसं ऊसतोडीला गेलेली. वस्तीवर एसटी येत नाही.

"चांगली चालती गाडी मीच बंद केली," काका खाली बघत म्हणाले.

आतून मावशींचा आवाज आला, "तुमास्नी दुसऱ्याच्या चीजवस्तूला हात लावायची लईच हौस."

मी बॉनेट उघडून इंजिनावर हात धरून उभी राहिले. उष्णता कमी होत होती, पण डब्यातली नळी तेवढीच शिळी होत होती. गाडी सुरू झाल्यावर पुन्हा रक्त काढता आलं असतं. पण ढोकीच्या कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॉल्यांत कुठं अडकले आणि गाडी पुन्हा बंद पडली, तर ते रक्तही वायाच. आणि मावशींच्या शिरा इतक्या बारीक की एकदा काढतानाच त्यांनी ओठ चावला होता.

गाडीचा भरवसा नव्हता. पण रक्त अंगात असेल तोवर कितीही उशीर चालतो.

"मावशी, लुगडं बदला," मी आत जाऊन म्हणाले. "तुम्हालाच घेऊन जाते."

"मला? अगं, मला चालवतं तरी का?"

"चालायचं नाही, बसायचंय फक्त."

इंजिन निवल्यावर किल्ली फिरवली. सुरू झालं. काका पुढं बसले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. ट्रॉल्यांच्या रांगेत गाडी आचके द्यायला लागली तेव्हा मी ॲक्सिलेटरवरचा पाय काढला नाही. मागून मावशी पुटपुटल्या, "बंद नको पडू गं, बाई." येडशी मागं पडली तेव्हा कुठं मी तो सैल केला.

लॅबच्या दारात मी हँडब्रेक ओढला. "काका, बसून राहा. किल्लीला हात लावायचा नाही."

"न्हाय लावत."

आत रक्त काढलं आणि नळी सरळ तपासणीला दिली. मावशींनी कोपराच्या घडीत कापूस दाबला होता आणि त्या खिडकीकडं कान देऊन होत्या.

"येतोय ना आवाज?"

"येतोय."

चार पूर्णांक सहा, म्हणजे अगदी ठीक. आकडा मी दोनदा वाचला. आज त्यात गाडीचा उशीर मिसळलेला नव्हता. मी तिथूनच डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, गोळी आजपासून सुरू करा.

बाहेर आलो तेव्हा शेजारचा दुकानदार काचेवर टकटक करत होता. "अवो आजोबा, बंद करा की गाडी! धूर येतोय दुकानात."

"न्हाय," काका समोर बघत म्हणाले. हात अजून मांड्यांखालीच होते. "बाई आल्याबिगर न्हाय."