थांबायला सांगणारी फरशी

मित्रांनो, मी एक जुनी पिवळी फरशी आहे. दक्षिण कोरियातल्या सोल शहरात, एका रुंद रस्त्याच्या कडेला, फुटपाथ जिथे संपतो तिथे, माझे आयुष्य गेले. माझ्या पाठीवर छत्तीस गोल उंचवटे आहेत. त्यांचा अर्थ एकच, थांबा. मागच्या माझ्या बहिणींच्या पाठीवर लांब पट्ट्या आहेत. त्या सांगतात, चालत राहा. अंध माणसे आम्हाला काठीने वाचतात. तुम्ही डोळसांनी आमच्यावर स्कूटर उभ्या केल्या, तरी मी चकार शब्द काढला नाही. आज मात्र मला राग आवरत नाही.

मो चांग-सिक हे माझे रोजचे माणूस. साठी उलटलेले, जन्मांध, मालिशीच्या कामाला जाणारे. एकोणीस वर्षे रोज सकाळी त्यांची काठी माझ्यावर वाजायची. "आहेस ना गं जागेवर?" असे पुटपुटून ते थांबायचे आणि सिग्नलचा आवाज ऐकून रस्ता ओलांडायचे. मी त्या काठीची वाट पाहत असे.

मग याच रस्त्यावरून सैन्याचे संचलन काढायचे ठरले आणि शहरात जुंपली. एक गट म्हणे, शत्रूला धडकी भरलीच पाहिजे. दुसरा म्हणे, हे रणगाड्यांचे प्रदर्शन कशाला? दोघेही माझ्याच पाठीवर उभे राहून घसा फोडत होते. रणगाड्यांनी डांबर खचेल का, यावर समिती बसली. पण सरावात बँडमधला एक जवान आम्हाला अडखळला आणि आम्हाला उखडायचा हुकूम निघाला, तेव्हा कोणी ब्रही काढला नाही.

एकटे मो भांडले. पाहणीला आलेल्या, पालिकेच्या ओक साहेबांना त्यांनी फुटपाथवरच गाठले.

"तुमच्या जवानाला ठेच लागली, म्हणून माझी वाटच उखडता होय?"

"काका, चार दिवसांचा तर प्रश्न. देशासाठी एवढं सोसा की."

"सोसतो. पण परत बसवताना मला बोलवा. नाहीतर कशाही चिकटवाल."

"अहो, फरशी बसवायला कसली आलीय अक्कल!" साहेब हसले. सोबतचेही हसले.

संचलन थाटात झाले. मग घाईघाईने आम्हाला बसवले. मो यांना कोणी बोलावले नाही. मला बाजूला कचरापेटीजवळ दडपले आणि रस्त्याच्या कडेला, माझ्या जागी, पट्ट्यांची फरशी लावली. पिवळी ती पिवळी!

दुसऱ्या सकाळी मो आले. काठीला पट्ट्या लागत गेल्या. आता थांबा येईल, आता येईल, असे म्हणत ते चालत राहिले आणि थेट रस्त्यात उतरले. मोटारसायकलने त्यांना उडवले. मांडीचे हाड मोडले. "थांबा आलाच नाही हो," एवढेच ते लोकांना सांगत होते. मी चार हातांवर पडून ऐकत होते.

त्याच दिवशी बसथांब्यावर कोणीतरी वर्तमानपत्र मोठ्याने वाचले, संचलन निर्विघ्न पार पडले. आता पुढच्या वर्षी रणगाडे किती आणायचे, यावर भांडण सुरू आहे.

मित्रांनो, तुमचे भांडण तुम्ही खुशाल भांडा. मला फक्त उचला आणि चार हात पलीकडे, माझ्या जागी ठेवा. मो यांचे हाड जुळत आले आहे. सोमवारी ते कामावर निघणार आहेत, आणि मी जागेवर आहे असेच त्यांना कोणीतरी सांगितले आहे.