हंबीररावांचा अहवाल आणि स्नेहलचं स्थळ

शालूबाईंनी तीस वर्षांत दोनशेवर लग्नं जमवली होती, आणि एकाही मुलाच्या माहितीपत्रकात खोटं लिहिलं नव्हतं. खरं मात्र त्या तांदळासारखं निवडून घेत. त्या दिवशी इचलकरंजीचे पाहुणे चार वाजता होकार न्यायला येणार होते, आणि मुलगी होती शालूबाईंची सख्खी भाची, स्नेहल. आत्यानं आणलेलं स्थळ म्हणून स्नेहलच्या वडलांनी साधी चौकशीही केली नव्हती.

तीनच्या सुमाराला माजी नगरसेवक हंबीररावांचा कार्यअहवाल दारात येऊन पडला. शालूबाईंनी चष्मा लावला आणि दोन ओळींतच त्या खूश झाल्या. लिहिणारा त्यांच्याच धंद्यातला वाटत होता.

"ऐक गं. 'दवाखान्याची तीनमजली इमारत पूर्ण.' डॉक्टर लिवलाय का कुठं? म्हंजे डॉक्टर न्हाय. 'पाणीप्रश्नाचा सतत पाठपुरावा.' म्हंजे पाणी आलं न्हाय. 'यंदा एकही तक्रार नाही.' आता तक्रारवहीच उचलून नेल्यावर कशी असंल? लिवलेलं सगळं खरंच असतंय, पोरी. न लिवलेलं इचारायचं."

स्नेहलनं मान डोलावली. मग टीव्हीशेजारचं मुलाचं माहितीपत्रक उचललं.

"'घरचे चोवीस यंत्रमाग.' चालू किती, आत्या?"

"नऊ."

"'मुलगा सध्या निर्व्यसनी.' सध्या म्हंजे कवापासनं?"

शालूबाईंना चहाचं आधण आठवलं. त्या उठल्या. स्नेहल मागोमाग स्वयंपाकघरात आली.

"'विवाह लगेच करणे आहे.' एवढी घाई कशाची?"

"एकदा साखरपुडा झालता," शालूबाई गॅसकडे बघत म्हणाल्या. "पोरगीनं मोडला. दारू पिऊन त्यानं हात उचलला तिच्यावर. मला वाटलं, लग्न झाल्यावर सुधारंल."

"आणि न्हाय सुधारला तर?"

शालूबाईंना स्वतःची लाज वाटली. या एका स्थळापुरती नव्हे, पार तीस वर्षांची. दोनशे मुलींपैकी कितीजणींचं असं विचारायचं राहून गेलं, कोण जाणे.

चारला पाहुणे आले. पोह्यांची बशी रिकामी करून मुलाच्या वडिलांनी विचारलं, "मग होकार समजायचा न्हवं?"

नकार द्यायची वेळ आली की शालूबाई 'पत्रिका जुळत नाही' म्हणत. कुणाला वाईट वाटत नसे. आत्ताही तेच तोंडाशी आलं होतं.

"पत्रिका झ्याक जुळतीया, पावणं," त्या म्हणाल्या. "पर तुमचा पोरगा पिऊन पोरीवर हात उचलतोय. म्हणून आमची पोरगी न्हाय म्हणतीया."