बोटभर पायांचे मोजे

थोरलीच्या पायाला भिंगरी होती ती नोकरीमुळे. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना ज्या काचेच्या पेटीत ठेवतात, त्या पेट्यांची दुरुस्ती हे तिचं काम. आज या गावचं हॉस्पिटल, परवा त्या गावचं. कंपनीने दिलेल्या काळ्या बॅगेत पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, मीटर, फ्यूज असा सगळा जामानिमा असायचा आणि बाजूच्या कप्प्यात लोकरीचा गुंडा नि चार आखूड सुया.

मोजे विणायला ती एकदा गाडीची वाट बघताना फोनवर बघून शिकली, आणि मग तो नादच लागला. स्वेटर प्रवासात परवडत नाही, मांडीभर पसारा होतो. मोजा मुठीत मावतो. टॅक्सीत बसलं की दोन ओळी, गाडी लेट झाली की टाच. शिवाय पेटी दुरुस्त झाली की ती रिकामीच चालू ठेवून बघावी लागते. आतली ऊब हवी तिथे येऊन थांबते की वर-खाली करते, हे पाहायला शेजारी नुसतं बसून राहायचं. त्या बसण्यात तिचे कितीतरी मोजे पुरे झाले. साहेबांनी एकदा सगळ्यांदेखत विचारलं होतं, प्रवासभत्त्यात लोकरही धरायची का. आणि धाकट्या बहिणीचा नवरा म्हणायचा की ताईंच्या कृपेने मोजे इतके झालेत, आता आणखी दोन पाय मिळाले तर बरं.

त्याचाच फोन आला तेव्हा थोरली एका लांबच्या गावी पेटीचा पंखा खोलून बसली होती. धाकटीला अजून बरेच दिवस होते. पण सकाळी एकाएकी पोटात दुखायला लागलं, हॉस्पिटलात पोचेपर्यंत कळा सुरू झाल्या आणि दुपारी मुलगी झाली. एवढीशी आहे, पेटीत ठेवलंय, असं तो सांगत होता आणि त्याचा आवाज मध्येच फाटत होता.

"कुठल्या कंपनीची पेटी आहे?" थोरलीने विचारलं.

आपण काय बोलून बसलो हे तिच्या लक्षात आलं, पण शब्द तोंडून गेला होता. मग तिने धाकटी कशी आहे ते विचारलं आणि निघतेच म्हणाली.

निघणं मात्र इतकं सोपं नव्हतं. समोर पंखा उघडा पडला होता आणि ही पेटी लागणारं बाळ आत दुसऱ्या बाळाच्या पेटीशेजारी, साध्या दिव्याच्या उबेत ठेवलेलं होतं. ते टाकून जाणं तिच्याच्याने झालं नसतं. तिने पंखा बसवला; घाईत एक स्क्रू तीनतीनदा निसटला. पेटी रिकामी चालवून ती शेजारी बसली. हात सवयीने सुयांकडे गेले, आणि सुया तशाच मांडीवर पडून राहिल्या.

परतीच्या गाडीत तिने उरलेल्या पिवळ्या लोकरीचे टाके घातले. एवढ्याशा पायांचा मोजा किती टाक्यांचा, याचा तिला अंदाज नव्हता. विणलं, मोठं वाटलं, उसवलं. पुन्हा घातलं, पुन्हा उसवलं. लोकर लांब, कुरळी होऊन मांडीवर पडली. विणताना डोकं शांत होतं असा तिचा इतक्या वर्षांचा अनुभव. त्या दिवशी मात्र प्रत्येक टाक्यासरशी पेटीतली एकेक बिघडण्याजोगी गोष्ट डोळ्यांपुढे येत होती. पंखा बंद पडू शकतो. ऊब मोजणारी तार बाळाच्या अंगावरून सुटू शकते, मग पेटीला वाटतं बाळ गार आहे आणि ती तापतच जाते. हात आत घालायच्या झरोक्याची रबरी कड झिजू शकते. दुसऱ्या कुणाची मावशी नुसती काळजी करत बसली असती; हिला काळजीचा एकेक सुटा भाग ठाऊक होता. ती धाकटीच्या नवऱ्याला फोन करून पेटीवर काय आकडा दिसतोय ते विचारत राहिली. दोनदा त्याने आत जाऊन बघून सांगितलं. पुढे फोन उचलेनासा झाला. गाव येईपर्यंत एक मोजा कसाबसा पुरा झाला.

ती पोचली तेव्हा धाकटी व्हीलचेअरवर, पेटीला कपाळ टेकून बसली होती. चेहरा ओढलेला, केस तसेच. थोरलीने हात धुतले, अंगावर गाऊन चढवला, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिची नजर सरळ पेटीच्या आकड्यांवर गेली. आकडे ठीक होते. तिने वाकून पंख्याचा आवाज ऐकला. कड बोटाने चाचपली. मग तिथल्या मोठ्या सिस्टरना विचारलं, हवेचा फिल्टर कधी बदलला होता. सिस्टर उंच, सावकाश बोलणाऱ्या. गेल्या महिन्यात, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

तेवढ्यात मॉनिटर टीं टीं करायला लागला. रक्तातल्या प्राणवायूचा आकडा भराभरा खाली चालला. थोरलीचा हात आपोआप पेटीच्या बटणांकडे गेला. सिस्टरनी तो मनगटाशी धरून बाजूला केला. दुसऱ्या हाताने झरोका उघडून बाळाच्या छातीकडे, ओठांकडे नीट पाहिलं, मग पाऊल आपल्या चिमटीत घेतलं.

"पाय गार पडलाय. यंत्राला नाडीच लागत नाहीये," त्या म्हणाल्या. पाऊल त्यांनी जरा वेळ बोटांत धरून ठेवलं, पायावरची प्राणवायू मोजणारी पट्टी काढून हाताला लावली. आकडा अडखळत वर आला. या बाळांचे पाय पटकन गार पडतात, हे त्यांनी धाकटीला समजावून सांगितलं.

थोरलीने घाईघाईने पर्समधून पिवळा मोजा काढला. सिस्टरनी तो बघितला. लोकर आत चालत नाही, तिचे तंतू सुटतात. सुती असेल, उकळून घेतलेला असेल तर आणा, असं त्या म्हणाल्या. आणि मग थोडं हसून, यात तिचे दोन्ही पाय मावतील, वर जागा उरेल.

थोरली तो मोजा घडी करू लागली. तेव्हा धाकटी पहिल्यांदा बोलली. आवाज अगदी खाली होता.

"ताई, आल्यापासून तू पेटीकडेच बघतेयस. माझी मुलगी आत आहे. तिच्याकडे अजून बघितलंसुद्धा नाहीस."

तोंडात मारल्यासारखं झालं. थोरली बाहेर पडली आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. राग आला होता तो खरा म्हणजे स्वतःचाच. इतकी वर्षं तिने या पेट्या खोलल्या, पण तिच्यापुढे पेटी यायची ती रिकामी. बाळ असलं तर ती आधी हलवायला सांगायची आणि ते होईपर्यंत बाहेर व्हरांड्यात सुया चालवत बसायची. नियमच होता तसा, पण नियमाआड लपायला तिला बरं वाटायचं. आतलं बाळ बघायची तिला भीती वाटायची. आकड्याची वाटत नव्हती. आकडा बिघडला तर दुरुस्त करता येतो.

ती पुन्हा हात धुऊन आत गेली. धाकटीने मान वळवली नाही, पण व्हीलचेअर जराशी सरकवून जागा केली.

मुलगी लालसर होती, कातडी इतकी पातळ की शिरा दिसत होत्या. डोक्यावर टोपी, नाकात नळी. कपाळावर म्हाताऱ्या माणसासारखी आठी. थोरलीने सिस्टरना विचारलं, मापासाठी पाय बघू का. सिस्टरनी झरोका उघडून दिला. तिने तर्जनी आत नेली आणि तळव्याला लावली. टाचेपासून अंगठ्यापर्यंत पाय तिच्या बोटाच्या दोन पेरांत संपला. आणि त्या इवल्या बोटांनी तिचं बोट आवळलं. फार नाही, जेमतेम जाणवेल इतकंच. थोरलीचे डोळे भरून आले, पण धुतलेला हात चेहऱ्याला लावता येत नव्हता. धाकटीने आपल्या बाहीने पुसले.

दुसऱ्याच दिवशी साहेबांचा फोन आला. एका हॉस्पिटलातल्या दोन पेट्या नीट चालेनाशा झाल्या होत्या आणि पाठवायला दुसरं कोणी नव्हतं. थोरलीने रजा मागायचं ठरवून टाकलं होतं. धाकटी म्हणाली, "जा तू. फक्त आकडे विचारत बसू नकोस. सांगण्यासारखं असेल ते मी सांगेन."

पांढऱ्या सुती दोऱ्याचा गुंडा आणि सर्वांत बारीक सुया घेऊन थोरली निघाली. सुती दोरा म्हणजे छळ. लोकर चूक पोटात घालते, दोरा ती मिरवतो. टॅक्सी खड्ड्यात आदळली की टाका सुटे. आठवणीतल्या बोटावर माप धरून ती विणत होती, आणि फोन मांडीवर उलटा ठेवला होता.

त्या हॉस्पिटलात पेटीतलं बाळ हलवायचं होतं, तेव्हा ती पहिल्यांदाच बाहेर गेली नाही. भिंतीशी उभी राहिली. बाळाचे वडीलही तिथेच उभे होते, हातात दुपटं घेऊन. चांगली होईल ना पेटी, असं त्यांनी विचारलं. पूर्वी तिने बिघाड काय आहे ते समजावलं असतं. आज ती हो म्हणाली आणि कामाला लागली.

त्या रात्री धाकटीचा निरोप आला नाही. सकाळीही नाही. थोरलीने फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. न विचारण्याचा शब्द दिला होता. तिने दुसरी पेटी दुरुस्त केली, रिकामी चालू केली आणि शेजारी बसून मोज्याची टाच वळवायला घेतली. चुकली. उसवली. पुन्हा चुकली. शेवटी ती ओळ तिने मोठ्याने पुटपुटत विणली, सुलट, सुलट, दोन एकत्र, जणू तिकडे कोणाला ऐकू जायला हवं.

दुपारी फोन वाजला. धाकटी बराच वेळ नुसती रडत होती, आणि तेवढ्या वेळात थोरलीने सगळं बरंवाईट मनात भोगून घेतलं. मग धाकटी म्हणाली, जंतुसंसर्ग झाला होता. रात्र फार वाईट गेली. श्वास मध्येच थांबत होता, सिस्टर पाठ चोळून आठवण करून देत होत्या. आता औषध लागू पडलंय.

"तुला कळवलं नाही," ती म्हणाली. "कळवलं असतं तर तू आकडा विचारला असतास आणि मी कोसळले असते."

"बरोबर केलंस," थोरली म्हणाली.

थोरली परतल्यावर मोजे उकळून, वाळवून सिस्टरनी स्वतःच्या हाताने बाळाला घातले. एक जरा सैल झाला होता, त्याच्या वरच्या काठात थोरलीने जाड दोरा ओवून दिला. पुढचे कित्येक आठवडे ती येत-जात राहिली, आणि बॅगेत सुती मोज्यांची एक नवी जोडी कायम अर्धी असायची. पाय वाढत होते, मागचे मोजे आखूड पडत होते. मोजा आखूड पडल्याचा इतका आनंद तिला जन्मात झाला नव्हता.

मुलगी घरी आली त्या दुपारी दोघी बहिणी पाळण्याच्या दोन बाजूंना बसल्या. नवरा औषधं आणायला गेला होता. खोलीत मॉनिटर नव्हता, टीं टीं नव्हती, कुठे आकडा नव्हता. इतकी शांतता दोघींना सहन होईना. छाती हलतेय ना, म्हणून एकीने वाकायचं, मग दुसरीने.

आणि मुलीला शिंक आली. एवढ्याशा जिवाची, पण अशी खणखणीत की दोघी एकदमच उठून उभ्या राहिल्या. मुलीने डोळे उघडले, दोघींकडे आठी घालून पाहिलं आणि पुन्हा झोपली. धाकटी तोंडावर हात धरून खाली बसली. थोरलीला वाटलं रडतेय, पण ती हसत होती, आवाज होऊ नये म्हणून अंग गदगदवत, आणि थोरली तिच्या शेजारी जाऊन बसली.