ताटलीच्या पाठीवरचा मासा

सकाळी आलेल्या पेटीतली पहिली ताटली तिनं पालथी घातली, ओल्या कापसानं पुसली आणि भिंग डोळ्याशी नेलं.

संग्रहालयात जुन्या चिनी मातीच्या भांड्यांच्या नोंदी करण्यात तिची वीस वर्षं गेली होती. पुढचं निळं चित्र, नदी, पूल, ढगांत हरवलेला मनोरा, ती सगळ्यात शेवटी बघायची. आधी पाठ. तिथे कारखान्याचा शिक्का असतो, आणि कधीकधी त्याच्या कडेला एखादं इवलंसं चिन्ह. कागदावर छापलेलं चित्र भांड्यावर चिकटवून उतरवणाऱ्या बायका, आपलं काम ओळखू यावं म्हणून, ते काढत. कुणी ठिपका, कुणी फुली.

इथे मासा होता. वाकड्या शेपटीचा, डोळ्याच्या जागी आडवी रेघ.

असाच मासा तिच्या घरी एका वाडग्याखाली होता. आईच्या हातचा; तीही एका कारखान्यात अशीच चित्रं उतरवायची. ती तीन वर्षांची असताना आई तापानं गेली, असं तिला वाढवणाऱ्या आत्यानं सांगितलं होतं.

पण हा कारखाना दुसराच होता. आणि मातीत दाबलेलं साल... तिनं बोटांवर मोजलं. त्या साली ती अकरा वर्षांची होती.

दुपारचं ऊन ताटलीत साचलं होतं. निळी नदी हलत्येय आणि पुलावरून कुणीतरी पाठमोरं चाललंय, असं तिला वाटत राहिलं. हाक मारायला तोंड उघडलं, तेव्हा कुठे ती भानावर आली. पातळ कागदावर तिनं मासा आणि साल उतरवून घेतलं नि तडक घर गाठलं.

आत्या खिडकीशी उसवलेली बाही शिवत होती. कागद मांडीवर पडताच तिची सुई थबकली.

"कुठे सापडला?"

हा कुणाचा, असं आत्यानं विचारलंच नाही.

"आत्या, आई कधी गेली?"

"घर सोडून गेली ती. तुझ्या बाबानं मला शपथ घातली होती. वारली म्हणणं त्याला सोपं होतं." आत्यानं मांडीवरचा कागद सपाट केला. "पत्रं यायची मला. सगळी तुझीच चौकशी. तू नववं वर्ष पुरं केलंस आणि पत्रं थांबली. ती खरंच वारली असं समजून मी एकटीनंच रडून घेतलं गं."

"आणि मला एकसुद्धा दाखवलं नाहीस."

"नाही दाखवलं."

आत्यानं नजर चुकवली नाही. मग तिनं कागद उजेडात धरला. सालावरून बोट फिरवताना तिचे ओठ हलत होते. बोट मध्येच थांबलं.

"अगं, या साली तू अकराची होतीस."

"हो."

आत्यानं कागदाची जपून घडी घातली.

"त्या पेटीत आणखी आहेत?"

"अठरा. अजून पालथ्या घालून बघितल्या नाहीत."

आत्यानं सुई बाहीतच खोचली आणि चपला शोधू लागली.