निळी ज्योत विझेपर्यंत

"झडपेला हात लावू नकोस, ताउनो. मी गोठ्यातून येईपर्यंत बिलकूल नाही."

"अगं बाई, सगळी ऊब धुराड्यातून चाललीय. आपण काय आकाशातल्या कावळ्यांना शेकायला भट्टी पेटवलीय?" खुर्चीत डुलत ताउनो म्हणाला.

सायमी विटांच्या भट्टीत वाकून बघत होती. शरदात कापलेल्या गोऱ्ह्याचं मांस, हाडं, कांदे, तमालपत्र आणि मिरीसारखे मसाल्याचे टपोरे दाणे घालून तिने जड लोखंडी भांडं आत सरकवलं होतं. आता निखारे पुरते विझले की धुराड्याची झडप बंद करायची. मग उरलेल्या उबेवर मांस रात्रीच्या जेवणापर्यंत आपोआप शिजतं. पण निखाऱ्यांवर अजून निळ्या जिभा नाचत होत्या.

या निळ्या ज्योतीची तिला आयुष्यभर धास्ती होती. गावच्या शाळेत ती मुलांचं जेवण रांधायची. सगळे घरी गेले तरी चुलीपाशी बसून राहायची. "सायमीची चूल झोपली की सायमी झोपणार," असं लोक हसून म्हणायचे. तीही हसायची. कारण मात्र कुणाला सांगत नसे. लहानपणी अशाच कडाक्याच्या थंडीत ती शेजारी दूध पोचवायला गेली होती. सगळं घर टेबलाभोवती बसलेलं, गाल गुलाबी, जणू आत्ताच बाहेर खेळून आलेत. तिने हाका मारल्या. कुणीच मान वर केली नाही. कुणीतरी ऊब वाचवायला झडप लवकर लावली होती, आणि निखाऱ्यांच्या विषारी वायूने सगळे बसल्या जागी गेले होते.

"हात लावणार नाहीस ना?"

"नाही लावत! जा, ती गाय हंबरतेय."

बाहेर श्वास घेतला की नाकातले केस गोठत होते. गोठ्यात मुस्तिक्की गायीच्या कुशीला डोकं टेकून ती धारा काढू लागली. मनातून मात्र ती भट्टीपाशीच होती. ताउनो वाईट नव्हता, फक्त थंडीने कावलेला होता, आणि बायकोचं ऐकलं तर आपण म्हातारे झालो असं त्याला वाटायचं. दूध काढून झालं, पाणी पाजून झालं. गवत टाकताना तिचे हात आपोआप भराभर चालायला लागले.

गोठ्याच्या दारात येऊन तिने घराकडे पाहिलं. इतक्या थंडीत धुराड्यातून धुराचा पांढरा खांब सरळ वर जायचा. आता चांदण्यात नुसतं काळं धुराडं होतं. वर काही नाही.

बादली तिथेच टाकून ती धावली. बर्फावर पडली, उठली, पुन्हा धावली.

ताउनो खुर्चीत होता. हनुवटी छातीवर. गाल गुलाबी.

"ताउनो!"

तिने श्वास रोखला. दार सताड उघडं टाकलं, त्याला खुर्चीतून खाली चिंध्यांच्या सतरंजीवर ओढलं आणि सतरंजीची दोन टोकं धरून मागं मागं खेचत उंबरठ्याबाहेर काढलं. इतकं बळ आपल्यात कुठून आलं हे तिला नंतरही कळलं नाही. आत परत जाऊन तिने झडप उघडली. बाहेर येऊन त्याच्या तोंडावर बर्फ चोळलं, थोबाडीत मारली, शिव्या दिल्या. किती वेळ काहीच होईना. मग तो ओकला, आणि तिला रडू फुटलं.

तिचा आरडाओरडा ऐकून शेजारच्या पोराने गावच्या नर्सबाईंना आणलं. केर्तूबाईंनी नाडी पाहिली, डोळ्यांत दिवा धरला.

"वाचला. पण सायमी, दोन-चार दिवस लक्ष ठेव. काही विसरतोय का, अडखळतोय का, ते बघ. तसं वाटलं तर इस्पितळात न्यायचं."

"म्हणजे डोकं…"

"बघू. कधी सगळं नीट होतं."

कधी. नेहमी नाही.

दार किलकिलं ठेवूनच ते जेवायला बसले, अंगात कोट, डोक्याला टोप्या. मांस काट्याने तुटावं इतकं मऊ झालं होतं. ताउनोकडून रस्सा सांडला. त्याला भरवावं असं तिच्या मनात आलं, पण ती खिडकीकडे बघत राहिली, त्याचा घास तोंडात जाईपर्यंत.

"मला वाटलं, विझलेच असतील," तो ताटाकडे बघत पुटपुटला.

"खा आता."

"दूध काढलंस?"

"काढलं."

त्याने मान हलवली. बटाटा कुस्करला, एक घास खाल्ला. मग मान वर करून सहज विचारलं,

"सायमी, दूध काढलंस का गं?"

तिच्या हातातला काटा थांबला. दारातून येणारी थंडी तिला पहिल्यांदाच जाणवली.

"काढलं," ती म्हणाली, जणू तो हे पहिल्यांदाच विचारत होता. "आज भरपूर दिलंय तिनं."

"मग बरं झालं," ताउनो म्हणाला.

तिने राय धान्याची भाकरी मोडली, मोठा तुकडा त्याच्या ताटाशी ठेवला आणि आपल्या टोपीची कड डोळ्यांवर थोडी खाली ओढून घेतली.