आधी रूळ, मग बी, मग पुन्हा रूळ

मित्रांनो, कोठाराच्या भिंतीला टेकून पडलेला जो गंजका लोखंडी रूळ तुम्हांला दिसतो आहे, तो मीच. मैदानावरचे रूळ गुळगुळीत असतात. माझ्या अंगावर मात्र दातेरी कड्यांची रांग आहे. नांगरलेल्या रानातली ढेकळे फोडायची आणि जमीन दाबून घट्ट करायची, हे माझे काम. काम साधे आहे, पण ते कुणाला कळेल तर शपथ!

एका ओतशाळेत माझी कडी ओतली गेली. ऑर्लिन टोर्गरसनच्या वडिलांनी मला अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या या शेतावर आणले, तेव्हा गोठा गाईंनी भरलेला होता आणि ऑर्लिन शाळकरी पोर होता. पुढे तो म्हातारा झाला आणि मी गंजलो. गाई विकल्या गेल्या, राने शेजाऱ्याने कसायला घेतली. उरला तो कोठारामागचा एक तुकडा. त्यात ऑर्लिन दरवर्षी हरणांसाठी क्लोव्हर आणि चिकोरी पेरायचा. क्लोव्हर म्हणजे तीन पानांचा गोड चारा. चिकोरीचे मूळ तुम्ही कॉफीत पिता, इथे तिची पाने हरणे खातात. वर्षभर हरणांना चारायचे आणि नोव्हेंबरात त्यांतलेच एखादे बंदुकीने टिपून हिवाळ्याची सॉसेज करायची, अशी इथली रीत आहे. तुम्हांला ती पटो न पटो, ऑर्लिनच्या हातच्या सॉसेजशिवाय या घरात नाताळ झाला नव्हता.

हे बी राजगिऱ्याएवढे असते. खोल गेले की मेले. म्हणून ऑर्लिनचा नियम ठरलेला होता: आधी रूळ, मग बी, मग पुन्हा रूळ. पहिल्या फेरीनंतर तो बुटाची टाच रोवून बघे. टाच रुतली, की मला आणखी एक फेरी. टाच वरच राहिली, की गळ्यात अडकवलेल्या पेरणीच्या पिशवीचा दांडा गरगर फिरवत तो बी फेके. लोक त्याच्या रानाची तारीफ करत, बियाण्याची करत, पावसाचीही करत. माझे नाव कुणी घेतले असेल तर सांगा.

यंदा ऑर्लिनच्या खुब्याचे ऑपरेशन झाले. झाडावरच्या मचाणावर चढणे संपले. त्याच्या मुलीने, मार्लिसने, साफ सांगितले की हा शिकारीचा शेवटचा हंगाम. मग बंदूक ठेवून द्यायची आणि शहरात तिच्या घरी राहायला यायचे. ऑर्लिन म्हणाला, एक हरीण मिळू दे, मग तू म्हणशील तिथे येतो. तिच्या नवऱ्याने, ड्वेनने, त्याच्यासाठी रानाच्या कडेला जमिनीवरच लाकडी झोपडी उभी केली. आता हरणे झोपडीसमोर यायची तर रान उगवायला हवे होते. सगळे त्या तुकड्यावर अवलंबून होते.

आणि पेरणी ड्वेनकडे होती! माणूस मनाचा चांगला, पण बियाण्याच्या पिशवीवर शिंगाळ्या हरणाचे चित्र दिसले की भुललाच. त्याने रान गादीसारखे भुसभुशीत केले, बी फेकले आणि वरून तव्यांचा कुळव फिरवून ते गाडून टाकले. मी वीस पावलांवर पडलो होतो. त्याने माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. असा संताप आला, मित्रांनो, पण लोखंडाच्या संतापाला विचारतो कोण?

रानात गवताखेरीज काही उगवले नाही. ऑर्लिन वॉकर टेकत आला, टाच रोवली, आणि पाय घोट्यापर्यंत आत गेला.

"जावईबापू, बटाटे लावलेत का?"

"मामा, पिशवीवर लिहिलं होतं, नुसतं फेका आणि विसरा."

"विसरलात ते दिसतंय. आता त्या म्हाताऱ्याला ट्रॅक्टरला जोडा," ऑर्लिन माझ्याकडे काठीसारखे बोट रोखून म्हणाला. "पण पाऊस झाला तर थांबा. माती वाळल्याशिवाय हलवू नका त्याला."

पाऊस झालाच. दुसऱ्या दिवशी मार्लिस ऑर्लिनला डॉक्टरांकडे घेऊन गेली. ड्वेनला सुट्टी तेवढीच होती, म्हणून त्याने बी फेकले आणि ओल्या रानात मला ओढले. चिखल माझ्या कड्यांना चिकटू लागला आणि चिखलाबरोबर बीसुद्धा. पेरलेले मीच उचलत चाललो होतो. ड्वेनने एकदा मागे वळून पाहिले असते तर! संध्याकाळी त्याने मला चिखलासकट भिंतीला लावले आणि तो हात धुऊन जेवायला गेला.

हंगाम सुरू झाला. शिकाऱ्यांचे नारिंगी जाकीट घालून ऑर्लिन रोज झोपडीत बसे, समोर उघडेबोडके रान. हरणे लांबूनच शेजाऱ्याच्या शेताकडे निघून जात. शेवटच्या सकाळी ड्वेन त्याच्यासाठी थर्मासमधून कॉफी घेऊन निघाला आणि कोठाराच्या कोपऱ्यावर जागीच थबकला. एक दणकट नर माझ्यापाशी उभा होता. माझ्या कड्यांमधल्या चिखलात क्लोव्हर आणि चिकोरी उगवून आली होती, आणि तो ती चवीने खात होता. झोपडीतल्या ऑर्लिनची पाठ आमच्याकडे. त्याचे कान केव्हाच मंदावलेले. ड्वेनने हाक मारावी तर हरीण पळणार, न मारावी तर ऑर्लिनला कळणार नाही. तो तसाच उभा राहिला. हरणाने पोटभर खाल्ले आणि सावकाश कुंपण ओलांडले.

ड्वेनने ते लपवले नाही, हे मात्र खरे. त्याने सगळे सांगितले. ऑर्लिन वॉकर टेकत माझ्यापर्यंत आला. खुडलेल्या देठांवरून त्याने अंगठा फिरवला. आता जावयाची खरडपट्टी निघणार म्हणून मी कान टवकारले.

"म्हणजे बियाणं चांगलं होतं," तो म्हणाला. मग त्याने बंदुकीतली काडतुसे काढली आणि बंदूक ड्वेनच्या हातात दिली. "मार्लिसला सांगा, सामान बांधायला घे."

मित्रांनो, तुम्हांला कळकळीची विनंती आहे. ज्याच्याकडून काम करून घ्यायचे, त्याची रीत आधी विचारा. ओल्या रानात रूळ फिरवू नका, आणि फिरवलाच तर त्याच दिवशी त्याची माती खरवडून काढा. माझी अजून कुणी काढलेली नाही. जे काही हिरवे उरले आहे, ते खायला हरणे रोज माझ्याकडे येतात. आणि झोपडीत कुणी नसते.